आयपी पत्ते केव्हाच संपले. मग नवा प्रोटोकॉल आपल्या घरापर्यंत का पोहोचत नाही?

धागालेखक : सह्यकडा

३ फेब्रुवारी २०११ रोजी अमेरिकेतील मायामी येथे एका छोटेखानी समारंभात इंटरनेटच्या पत्त्यांचे, म्हणजे जाळ्यावरील यंत्रे ओळखणाऱ्या आयपी क्रमांकांचे, उरलेले पाच मोठे गट जगातील पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना एकेक करून वाटण्यात आले आणि मध्यवर्ती साठा कायमचा संपला. आशिया-पॅसिफिक विभागाच्या ‘एपनिक’ या संस्थेवर त्याच वर्षी १५ एप्रिलला पत्ते मोजूनमापून देण्याची वेळ आली. युरोपावर ती सप्टेंबर २०१२ मध्ये आणि उत्तर अमेरिकेवर सप्टेंबर २०१५ मध्ये आली. यांपैकी कोणत्याही दिवशी सामान्य माणसाचे इंटरनेट बंद पडले नाही, त्यामुळे ही बातमी तांत्रिक वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. परंतु टंचाई आहे आणि तिची किंमत उशिरा आलेल्या देशांना, म्हणजे आपल्यालाही, मोजावी लागते आहे, असे माझे ठाम मत आहे आणि त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

हे पत्ते ज्या जुन्या प्रोटोकॉलचे, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमसंचाचे, आहेत तो आयपीव्ही४ सप्टेंबर १९८१ मध्ये लेखी स्वरूपात निश्चित झाला आणि १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील संगणकांनी आधीचा प्रोटोकॉल सोडून तो स्वीकारला. त्यात प्रत्येक पत्त्यासाठी ३२ बिट (० किंवा १ असे अंक) राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होऊ शकतात. हा निर्णय १९७७ च्या सुमारास झाला तेव्हा आपण एक प्रयोग करतो आहोत आणि प्रयोगाला एवढे पत्ते पुरून उरतील अशी आपली समजूत होती, असे या प्रोटोकॉलचे एक रचनाकार विंट सर्फ यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे. त्या काळी संगणक खोलीएवढे असत आणि ते विद्यापीठांत, लष्करात किंवा मोठ्या कंपन्यांत असत, हे लक्षात घेतले तर त्या समजुतीला दोष देता येत नाही.

दोष द्यायचाच तर सुरुवातीच्या वाटपाला द्यावा लागेल. पहिल्या काळात पत्ते तीनच मापांत मिळत आणि सर्वांत मोठ्या मापाच्या एका गटात १,६७,७७,२१६ पत्ते असत. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी, फोर्ड ही मोटार कंपनी, अ‍ॅपल अशांना असा एकेक पूर्ण गट मिळाला आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याला तर अनेक मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला गट २००० साली परत केला, हे त्या विद्यापीठाचे मोठेपण; पण तसे करणारे थोडेच निघाले. आज अमेरिकेकडे दीडशे कोटींहून अधिक पत्ते आहेत आणि १४० कोटी लोकांच्या भारताकडे चार कोटींच्या आसपास. आपल्याकडे इंटरनेट घराघरात शिरू लागले तोवर वाटप बहुतांशी उरकलेले होते.

टंचाईची चाहूल १९९० च्या सुमारासच लागली होती. १९९३ मध्ये तीन ठरावीक मापांची पद्धत मोडून हव्या त्या आकाराचे गट देण्याची सोय झाली, १९९४ मध्ये नॅट हे तंत्र मांडले गेले आणि १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठीचे पत्ते आजच्या स्वरूपात पक्के झाले. आपल्या घरच्या राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा जो पत्ता दिसतो, तो या खासगी पत्त्यांपैकीच एक असतो आणि तो लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा (माहितीच्या तुकड्यावरचा) खासगी पत्ता पुसून तिथे आपला सार्वजनिक पत्ता लिहिणे आणि उत्तर आले की ते नेमक्या यंत्राकडे वळवणे, हे काम नॅट करते. या तात्पुरत्या उपायांनी वेळ मिळवून दिला, आणि त्या वेळात कायमचा उपायही तयार झाला : आयपीव्ही६ या नव्या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, सुधारित आवृत्ती डिसेंबर १९९८ मध्ये आली आणि जुलै २०१७ मध्ये त्याला पूर्ण इंटरनेट मानकाचा दर्जा मिळाला. त्यात पत्ता १२८ बिटांचा आहे, म्हणजे एकूण पत्त्यांची संख्या ३९ आकडी होते.

मधल्या काळात नॅट घरापुरते राहिले नाही, हा माझा खरा आक्षेप आहे. आता सेवादाताच शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो; याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारा स्वतंत्र गट राखून ठेवण्यात आला. अशा ग्राहकाला बाहेरच्या जगाकडे जाता येते, पण बाहेरच्या जगाला त्याच्याकडे येता येत नाही. घरी छोटा सर्व्हर चालवणे, दुकानातील कॅमेरा परगावाहून पाहणे, दोन मित्रांच्या संगणकांमध्ये थेट फाइल पाठवणे, या साध्या गोष्टींसाठी त्याला कोणत्या तरी कंपनीच्या सर्व्हरची मध्यस्थी घ्यावी लागते. जाळ्यावरचा प्रत्येक संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी बरोबरीने बोलू शकेल, हे इंटरनेटच्या रचनेतील मूळ तत्त्व होते आणि ते आपल्या देशातील कोट्यवधी ग्राहकांच्या वाट्याला कधी आलेच नाही.

जाणकारांनी आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही मांडावेत, अशी विनंती आहे.

प्रतिसाद : केतकीवन

धागा फार आवडला. एक शंका आहे, ती कदाचित अनेकांची असेल. मुंबईतले टेलिफोन क्रमांक सात आकडी होते. ते कमी पडू लागले तेव्हा त्यांच्या सुरुवातीला एक ‘२’ लावून ते आठ आकडी केले आणि जुने फोन तसेच चालू राहिले. पत्त्यांच्या बाबतीत असेच काही आकडे पुढे जोडले असते, तर जुनी यंत्रे टाकून न देता काम झाले नसते का? संपूर्ण नवा आणि जुन्याशी न जुळणारा प्रोटोकॉल आणण्याचा हट्ट कशासाठी?

प्रतिसाद : सह्यकडा

केतकीवन, शंका अगदी रास्त आहे आणि १९९० च्या दशकात या विषयावर तज्ज्ञांमध्येही पुष्कळ वाद झाले होते. टेलिफोनच्या व्यवस्थेत बुद्धी एक्स्चेंजमध्ये असते. घरातल्या फोनला स्वतःचा क्रमांक ठाऊक असण्याचीही गरज नसते, त्यामुळे एक्स्चेंज बदलले की काम भागते. इंटरनेटमध्ये प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो आणि तो लिहिण्याचे काम दोन टोकांची यंत्रेच करतात. आयपीव्ही४ च्या शीर्षभागात त्या दोन्ही पत्त्यांसाठी नेमकी ३२-३२ बिटांची जागा आहे. जुन्या यंत्राला तेहतिसावा बिट वाचता येत नाही आणि उत्तर पाठवताना तो लिहायलाही जागा नाही. म्हणजे पत्ता एका बिटाने वाढवला काय किंवा ९६ बिटांनी वाढवला काय, वाटेतले राउटर, दोन्ही टोकांच्या कार्यप्रणाली आणि पत्ता साठवून ठेवणारे प्रत्येक सॉफ्टवेअर बदलावेच लागते.

सगळे बदलणे अटळ आहे म्हटल्यावर रचनाकारांनी इतर सुधारणाही करून घेतल्या. शीर्षभाग ४० बाइटचा ठरावीक लांबीचा केला, प्रत्येक राउटरवर नव्याने करावी लागणारी बेरीज-तपासणी काढून टाकली आणि वाटेतल्या राउटरने पॅकेटचे तुकडे करण्याची प्रथा बंद केली. माझी तक्रार असलीच तर ती जुन्या-नव्यातील दुभाषाबद्दल आहे. दोन्ही प्रोटोकॉल अनेक वर्षे शेजारी शेजारी चालतील, सगळीकडे नवा पोहोचेल आणि मग जुना आपोआप गळून पडेल, अशी कल्पना होती. फक्त नवा पत्ता असलेल्या यंत्राने फक्त जुना पत्ता असलेल्या सर्व्हरशी कसे बोलावे, याची चांगली पद्धत एप्रिल २०११ मध्ये, म्हणजे मध्यवर्ती साठा संपल्यानंतर, प्रमाणित झाली. ती दहा वर्षे आधी आली असती तर चित्र वेगळे दिसले असते, असे मला वाटते.

प्रतिसाद : तारायंत्र

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी छोट्या ब्रॉडबँड सेवादात्याकडे नेटवर्कचे काम पाहतो. धागालेखकाने ग्राहकाची बाजू उत्तम मांडली आहे, म्हणून मी आमची बाजू लिहितो.

आजच्या नियमाप्रमाणे नव्या सेवादात्याला नोंदणी संस्थेकडून जास्तीत जास्त ५१२ जुने पत्ते मिळतात. ग्राहक हजारोंनी असतात. यापेक्षा जास्त पत्ते हवे असतील तर ते बाजारातून विकत किंवा भाड्याने घ्यावे लागतात. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले, म्हणजे एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. त्यानंतरच्या दहा वर्षांत हा भाव काही काळ ५० डॉलरच्या वर गेला होता. महिन्याला चार-पाचशे रुपये देणाऱ्या ग्राहकासाठी एवढी गुंतवणूक करणे आमच्यासारख्यांना शक्य नसते, म्हणून सीजीनॅट येते.

सीजीनॅटचे गणित असे असते. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट, म्हणजे वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारे क्रमांक, असतात आणि त्यातले पहिले १,०२४ राखून ठेवले जातात. एका पत्त्यामागे ६४ ग्राहक बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे हजार पोर्ट येतात. हा आकडा मोठा वाटतो, पण घरात चार-पाच मोबाइल, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप असेल आणि प्रत्येक अ‍ॅप डझनावारी जोडण्या उघडत असेल, तर संध्याकाळी तो अपुरा पडू लागतो आणि ‘स्पीड चांगला आहे, पण पान उघडत नाही’ अशी तक्रार येते. शिवाय कोणत्या ग्राहकाने कोणत्या क्षणी कोणता पोर्ट वापरला याची नोंद परवान्याच्या अटींप्रमाणे दोन वर्षे जपून ठेवावी लागते. गुन्ह्याच्या तपासात पोलीस केवळ पत्ता आणि तारीख घेऊन येतात आणि पोर्ट क्रमांक त्यांच्याकडे नसतो, तेव्हा त्या पत्त्यामागच्या सगळ्याच ग्राहकांवर संशयाची छाया पडते. हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

उलट नव्या प्रोटोकॉलमध्ये सेवादात्याला साधारणपणे ‘/३२’ आकाराचा गट मिळतो (तिरक्या रेषेनंतरचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे ठरलेले बिट; तो जितका लहान तितका गट मोठा). त्यातून प्रत्येक घराला ‘/५६’ दिले तरी १,६७,७७,२१६ घरांना पुरते, आणि त्या प्रत्येक घरात २५६ स्वतंत्र उपजाळी करता येतात. आणखी एक फायदा आमच्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे, पण बाहेर कोणी बोलत नाही : यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स यांची वाहतूक आयपीव्ही६ वरून जाऊ लागली की ती सीजीनॅटच्या यंत्रातून जातच नाही, त्यामुळे ते महागडे यंत्र वाढवण्याचा खर्च वाचतो. मग अडते कुठे? ग्राहकाच्या घरातील स्वस्त राउटर आणि जुन्या ओएनटी (फायबरची तार जिला जोडतात ती पेटी), बिलिंगचे जुने सॉफ्टवेअर, आणि दोन्ही प्रोटोकॉलवर बिघाड शोधू शकणाऱ्या माणसांची कमतरता, या तीन ठिकाणी. यातले तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते, कारण यंत्रे पैशाने येतात, पण हात तयार व्हायला वेळ लागतो.

प्रतिसाद : ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहतो आणि माझे आईवडील नाशिकला असतात. त्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्र कोणत्याही परक्या कंपनीच्या सर्व्हरमधून न जाता थेट मला दिसावे, एवढीच माझी इच्छा आहे. माझ्या इथल्या जोडणीला आयपीव्ही६ चा पूर्ण गट मिळतो आणि जुना पत्ता मात्र इतर ग्राहकांबरोबर वाटून मिळतो. या पद्धतीला इथे ‘डीएस-लाइट’ म्हणतात. आईवडिलांच्या जोडणीला फक्त सीजीनॅटमागचा जुना पत्ता आहे. म्हणजे दोन्ही टोकांना इंटरनेट असूनही मला तिकडे थेट पोहोचता येत नाही. नाशिकच्या सेवादात्याने स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे स्वतंत्र आणि न बदलणाऱ्या पत्त्यासाठी, वेगळे वार्षिक शुल्क सांगितले. तारायंत्र यांचे गणित वाचल्यावर ते शुल्क का आहे हे समजले, पण ज्या गोष्टीचा तुटवडाच नाही असा पर्याय उपलब्ध असताना वृद्ध माणसांनी तुटवड्याची किंमत का द्यावी?

प्रतिसाद : दुर्गरक्षक

विरोधी बाजूही मांडली जावी, म्हणून लिहितो. नॅटमुळे घरातील यंत्रे बाहेरून दिसत नाहीत, हे सामान्य माणसाच्या दृष्टीने मोठे संरक्षण आहे. उद्या प्रत्येक पंख्याला, फ्रिजला आणि कॅमेऱ्याला जगभरातून दिसणारा पत्ता मिळाला, तर ज्यांचे सॉफ्टवेअर कधीच अद्ययावत होत नाही अशा यंत्रांचे काय होईल? दुसरे म्हणजे, यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक नव्या पत्त्यात गुंफला जातो असे मी वाचले आहे. तसे असेल तर एखादी व्यक्ती घरून कार्यालयात आणि तिथून परगावी गेली, तरी तिचा माग काढता येईल.

प्रतिसाद : सह्यकडा

दुर्गरक्षक यांचे दोन्ही मुद्दे गंभीर आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

नॅटमुळे मिळणारे संरक्षण हे प्रत्यक्षात एका नोंदवहीचे काम आहे : आतून कोणी जोडणी सुरू केली असेल तरच बाहेरचे उत्तर आत सोडायचे. हीच नोंदवही पत्ता न बदलताही ठेवता येते आणि तिलाच फायरवॉल म्हणतात. घरगुती राउटरने आयपीव्ही६ साठी अशी व्यवस्था कशी ठेवावी, याच्या शिफारशी जानेवारी २०११ मध्येच प्रसिद्ध झाल्या आहेत. फरक इतकाच की सीजीनॅटमध्ये दार उघडण्याचा निर्णय ते चालवणाऱ्या सेवादात्याच्या हाती असतो आणि फायरवॉलमध्ये तो घरमालकाच्या हाती येतो. मात्र स्वस्त राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल मुळातच बंद असण्याची शक्यता असते, म्हणून नवा प्रोटोकॉल सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ती आधी तपासावी, हे तुमच्या आक्षेपातून निघणारे सूत्र मी पूर्णपणे मान्य करतो.

माग काढण्याबद्दलची भीती सुरुवातीच्या काळात खरी होती. त्यावर २००१ मध्येच उपाय निघाला आणि २००७ मध्ये तो सुधारला गेला. आजचे मोबाइल आणि लॅपटॉप पत्त्याचा उत्तरार्ध यादृच्छिक घेतात आणि ठरावीक काळाने बदलतात. पूर्वार्धावरून घर ओळखता येते, पण ते जुन्या सार्वजनिक पत्त्यावरूनही ओळखता येतच होते. याउलट सीजीनॅटमध्ये शेजारच्या कोणी तरी केलेल्या गैरवापरामुळे एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता रोखला, तर काहीही न केलेले इतर ग्राहक अडकतात. ही हानी रोजची आहे.

प्रतिसाद : केतकीवन

आणखी एक विचारते. एमआयटीसारख्या संस्थांकडचे पडून असलेले पत्ते परत घेतले असते, किंवा जे पत्ते कधीच वापरात आणले नाहीत ते खुले केले असते, तर भागले नसते का?

प्रतिसाद : तारायंत्र

फार दिवस भागले नसते. २४० ते २५५ ने सुरू होणारे सुमारे २६.८ कोटी पत्ते ‘भविष्यासाठी’ म्हणून राखीव आहेत. ते वापरायचे तर जगभरातील असंख्य जुन्या यंत्रांत बदल करावा लागेल, कारण ती हे पत्ते अवैध समजून फेकून देतात. साठा संपण्यापूर्वीच्या वर्षात जग १ कोटी ६७ लाखांचा एक संपूर्ण गट महिन्याभरात सहज संपवत होते, त्यामुळे एवढ्या खटाटोपातून फार तर वर्षभर मिळाले असते. पडून असलेले पत्ते बाजारात आलेच. एमआयटीने २०१७ मध्ये आपल्या गटातील मोठा भाग विकला आणि हौशी रेडिओ चालकांसाठी राखलेल्या गटाचा चौथा हिस्सा २०१९ मध्ये दहा कोटींहून अधिक डॉलरला गेला. दोन्हींचा खरेदीदार अ‍ॅमेझॉन होता. त्याच अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक जुन्या पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारला जातो, म्हणजे पुण्यातील एखाद्या नवउद्योगालाही टंचाईचे बिल दर महिन्याला येते.

मोठे गट तुकड्यांत विकले जाण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे राउटरना लागणारी जगभरातील मार्गांची यादी फुगत जाते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ती ५,१२,००० नोंदींच्या पुढे गेली आणि तेवढीच स्मृती राखून ठेवलेले अनेक जुने राउटर अडखळले.

प्रतिसाद : सह्यकडा

चर्चेत भारताच्या जमेची बाजू राहून गेली, ती नोंदवतो. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला आणि मार्च २०१३ मध्ये दुसरा आराखडा प्रसिद्ध केला, पण खरी उडी सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची ४जी सेवा खुली झाल्यावर पडली. नव्याने उभारलेल्या त्या जाळ्याला कोट्यवधी ग्राहकांसाठी जुने पत्ते मिळणे अशक्यच होते, म्हणून ते सुरुवातीपासून आयपीव्ही६ वर उभे राहिले आणि इतर मोबाइल कंपन्याही मागोमाग आल्या. त्याच वर्षी १ जूनपासून अ‍ॅपलने प्रत्येक अ‍ॅप केवळ आयपीव्ही६ असलेल्या जाळ्यावर चालले पाहिजे, अशी अट घातली होती. तिचाही उपयोग झाला. आज गूगलच्या मोजणीत जगातील जवळपास निम्मे वापरकर्ते नव्या प्रोटोकॉलने येतात, तर भारतातील दोन-तृतीयांशांहून अधिक, आणि या क्रमवारीत आपण जगातील आघाडीच्या देशांत आहोत. हातातला मोबाइल पुढे गेला आणि घरातली तार मागे राहिली, अशी आपली स्थिती आहे. तारेवरच्या नव्या जोडण्यांसाठी सरकारने ३१ डिसेंबर २०२२ ही मुदत ठेवली होती. चेक प्रजासत्ताकाने तर आपल्या सरकारी सेवा ६ जून २०३२ पासून जुन्या प्रोटोकॉलवर देणे थांबवण्याचे जाहीर केले आहे. आपल्याकडेही शासकीय संकेतस्थळांसाठी अशी स्पष्ट तारीख असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद : ऱ्हाइनकाठ

वरील चर्चा वाचून मी आईवडिलांच्या सेवादात्याशी बोललो. राउटर बदलला तर आयपीव्ही६ चालू करून देऊ, असे त्यांनी सांगितले. मात्र राउटर बंद-चालू झाला की घराला मिळणारा गट बदलेल, असेही सांगितले. तसे असेल तर कॅमेऱ्याचा पत्ता मला कसा कळणार?

प्रतिसाद : तारायंत्र

तात्पुरता मार्ग म्हणजे राउटरमध्ये डायनॅमिक डीएनएस (पत्ता बदलला की ठरावीक नावापुढची नोंद आपोआप बदलणारी सोय) चालू करावे आणि त्यात आयपीव्ही६ चीही नोंद जाते ना, ते पाहावे. मग गट बदलला तरी नाव तेच राहते. फायरवॉलमध्ये दार उघडताना पूर्ण पत्ता लिहू नये, पत्त्याचा केवळ उत्तरार्ध जुळवणारा नियम करता येतो का ते तपासावे, नाहीतर गट बदलला की नियम निकामी होतो. तो नियमही कॅमेऱ्याच्या एकाच पोर्टपुरता ठेवावा.

कायमचा मार्ग मात्र सेवादात्याच्या हाती आहे. युरोपातील नेटवर्क चालकांच्या समुदायाने २०१७ मध्ये केलेल्या शिफारशीत घरगुती ग्राहकालाही न बदलणारा गट द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे गट बदलत ठेवण्याची सवय जुन्या टंचाईतून आली आहे, कारण तेव्हा एका ग्राहकाने सोडलेला पत्ता लगेच दुसऱ्याला द्यावा लागे. आता तसे करण्याचे काहीही कारण उरलेले नाही. आमच्याकडे आम्ही ग्राहकाच्या खात्यालाच ‘/५६’ कायमचा जोडून टाकला आहे. ते केवळ ग्राहकांची खाती तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरमधल्या एका जास्तीच्या रकान्याचे काम आहे. नाशिकच्या सेवादात्याला हेच सांगून पाहावे, आणि त्यांना मांडणीत काही अडचण आली तर त्यांनी इथे लिहावे, मी उत्तर देईन.